स्पोर्ट्स कारच्या शीतन प्रणालीतील किरकोळ दोषांचे निदान

स्पोर्ट्स कारच्या शीतन प्रणालीतील किरकोळ दोषांचे निदान म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत दिसणाऱ्या लक्षणांवरून त्यांचे मूळ कारण शोधण्याची पद्धत होय. शीतक द्रवाची पातळी थोडी घटणे, तापमानाचा काटा अधूनमधून वर-खाली होणे, पंखा अवेळी फिरणे, गोडसर वास येणे ही अशा दोषांची नेहमीची लक्षणे आहेत. नव्या गाडीत यांपैकी काही लक्षणे निरुपद्रवी असतात, तर काही मोठ्या बिघाडाची पूर्वसूचना देतात. दोन्ही प्रकार सुरुवातीला सारखेच दिसतात. म्हणून एकाच निरीक्षणावर निष्कर्ष न काढता, ठरावीक क्रमाने व ठरावीक परिस्थितीत केलेल्या नोंदींवर निदान आधारले जाते.

हवेचे तापमान, उंची, धूळ आणि पाण्याचा कठीणपणा यांचा शीतन प्रणालीवर थेट परिणाम होतो. त्यामुळे थंड प्रदेश गृहीत धरून लिहिलेल्या सूचना दख्खनच्या पठारावर जशाच्या तशा लागू करताना स्थानिक परिस्थिती विचारात घ्यावी लागते. या लेखात त्यासाठी सोलापूर शहरातील अक्कलकोट रोड एमआयडीसी परिसराचे उदाहरण घेतले आहे.

इतिहास

कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या मोटारगाडीत पाण्याचे बाष्पीभवन करून इंजिन थंड ठेवले जाई. उकळून गेलेल्या पाण्याची भरपाई वारंवार करावी लागे. १८८८ साली बर्था बेन्झ यांनी मानहाइम ते फोर्त्सहाइम असा प्रवास केला, तेव्हा त्यांना वाटेत अनेकदा पाणी भरावे लागले.

वेगवान गाड्यांसाठी ही पद्धत अपुरी होती. १९०१ साली पुढे आलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात ६ मिलिमीटर चौरस छेदाच्या ८,०७० लहान नळ्या होत्या. हवेच्या संपर्कात येणारा पृष्ठभाग वाढल्यामुळे थोड्या पाण्यात मोठे इंजिन थंड ठेवणे शक्य झाले.

काही उत्पादकांनी दीर्घकाळ हवेने थंड होणारी इंजिने वापरली. पोर्श कंपनीची ९११ ही गाडी १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत अशा इंजिनासह मिळत असे, त्यानंतर तिच्यात द्रव शीतन आले. २००५ पासून उत्पादित झालेल्या बुगाटी वेरॉन या गाडीत दहा रेडिएटर होते.

गोवा व महाराष्ट्रातही स्पोर्ट्स कार तयार झाल्या. 'सान स्टॉर्म' ही फायबरग्लासच्या सांगाड्याची दोन आसनी गाडी १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बांधली जाऊ लागली. तिच्यात रेनो कंपनीचे सुमारे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन होते. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइन संस्थेने तयार केलेली 'अवंती' ही गाडी २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये सादर झाली. तिचे टर्बोचार्जर असलेले दोन लिटरचे इंजिन आसनांच्या मागे, गाडीच्या मध्यभागी बसवलेले होते.

रचना व कार्य

इंधन जळताना सिलिंडरमधील वायूंचे तापमान काही क्षण २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांना गती देण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश धुरावाटे बाहेर पडतो आणि उरलेली उष्णता मुख्यतः शीतन प्रणालीला वाहून न्यावी लागते. त्यामुळे पूर्ण शक्तीने चालणाऱ्या इंजिनात रेडिएटरमधून बाहेर टाकली जाणारी उष्णता चाकांना मिळणाऱ्या शक्तीच्या तोडीची असू शकते.

शीतक द्रव (व्यवहारात 'कूलंट') हे सामान्यतः इथिलिन ग्लायकॉल, शुद्ध पाणी व गंजरोधक रसायने यांचे मिश्रण असते. पाण्याचा पंप (वॉटर पंप) हा द्रव इंजिनातील पोकळ मार्गांतून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रेडिएटरकडे जाणारा मार्ग बंद ठेवतो. त्यातील मेण ठरावीक तापमानाला, बहुतेक गाड्यांत ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान, वितळून प्रसरण पावते आणि झडप उघडते. गरम द्रव रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातो व बाहेरच्या हवेला उष्णता देतो. गाडी उभी किंवा संथ असताना विद्युत पंखा हवा खेचतो.

तापताना शीतकाचे आकारमान सुमारे ४ ते ५ टक्क्यांनी वाढते. दहा लिटर क्षमतेच्या प्रणालीत ही वाढ अर्ध्या लिटरच्या जवळ जाते. तिच्यासाठी वेगळी प्रसरण टाकी असते. टाकीवरील कमाल व किमान या खुणा इंजिन पूर्ण थंड असतानाच्या पातळीसाठी असतात. गरम इंजिनावर पाहिलेली पातळी निदानासाठी निरुपयोगी ठरते.

दाबाचे महत्त्व

प्रणालीचे झाकण (रेडिएटर कॅप) ही केवळ बूच नसून दाब नियंत्रित करणारी झडप असते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. सोलापूरची उंची सुमारे ४५० मीटर असल्याने तेथे साधे पाणी साधारण ९८.५ अंशांनाच उकळते. ग्लायकॉल व पाणी यांचे समप्रमाणातील मिश्रण वातावरणीय दाबाला सुमारे १०७ अंशांना उकळते. झाकणाने वातावरणापेक्षा १.१ बार अधिक दाब राखला, तर हाच उत्कलनबिंदू सुमारे १२९ अंशांपर्यंत पोहोचतो.

अनेक आधुनिक इंजिनांत शीतकाचे तापमान काही परिस्थितीत १०५ अंशांच्या आसपास असते. झाकण दाब धरत असेल तर उकळण्यापूर्वी वीस अंशांहून अधिक वाव उरतो. झाकणाचे रबर नीट बसले नसेल तर हा वाव जवळजवळ संपतो. क्षुल्लक वाटणारा एक सुटा भाग अशा प्रकारे संपूर्ण इंजिन धोक्यात आणू शकतो.

स्पोर्ट्स कारची वैशिष्ट्ये

साध्या प्रवासी गाडीच्या तुलनेत स्पोर्ट्स कारच्या शीतन प्रणालीत पुढील फरक आढळतात.

* रेडिएटर एकापेक्षा अधिक असतात आणि ते बहुधा पुढील बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, जमिनीलगत बसवलेले असतात. त्यामुळे खडी, पाने व धूळ त्यांच्यावर अधिक येते.
* इंजिन मध्यभागी किंवा मागे आणि रेडिएटर पुढे असल्यास त्यांना जोडणाऱ्या नळ्या लांब असतात. अशा नळ्यांत हवा अडकण्याची शक्यता जास्त असते.
* टर्बोचार्जर, इंजिन तेल, गिअरबॉक्स यांनाही शीतन लागते. त्यासाठी अतिरिक्त पंप व जोडण्या असतात. प्रत्येक जोडणी ही गळतीची संभाव्य जागा असते.
* गाडीच्या तळाशी प्लॅस्टिकची आवरणे व हवा वळवणारी पाती असतात. ती केवळ वेगासाठी नसून रेडिएटरमधून हवा योग्य मार्गाने नेण्यासाठीही असतात.

नव्या गाडीतील स्वाभाविक लक्षणे

पुढील गोष्टी अनेकदा दोष समजल्या जातात, परंतु सामान्यतः त्या दोष नसतात.

इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे पंखा किंवा अतिरिक्त पंप चालू राहणे. इंजिन थांबताच शीतकाचे अभिसरण मंदावते, पण तप्त धातूतील उष्णता द्रवात येत राहते. टर्बोचार्जरचे संरक्षण करण्यासाठी नियंत्रक ही साधने चालू ठेवतो.

पहिल्या काही आठवड्यांत पातळी किंचित घटून नंतर स्थिर होणे. कारखान्यात द्रव भरताना उरलेले हवेचे बुडबुडे हळूहळू प्रसरण टाकीत येतात व त्यांची जागा द्रव घेतो. येथे महत्त्वाची गोष्ट घट नसून घटीचा थांबणे हा भाग आहे.

नव्या गाडीतून जळका वास येणे. धुराच्या नळीवरील संरक्षक लेप व तेलाचे अंश पहिल्या काही प्रवासांत जळतात. हा वास शीतकाच्या गोडसर वासापेक्षा वेगळा असतो व काही दिवसांत नाहीसा होतो.

गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकणे. वातानुकूलन यंत्रात साचलेल्या बाष्पाचे हे पाणी असते. त्याला रंग, वास किंवा चिकटपणा नसतो.

काटा सदैव मध्यभागी स्थिर दिसणे. बऱ्याच गाड्यांत मापक हेतुपुरस्सर असा जुळवलेला असतो की, तापमान मोठ्या पट्ट्यात बदलले तरी काटा हलत नाही. त्यामुळे काटा हलला, याचा अर्थ तापमान त्या पट्ट्याबाहेर गेले असा घ्यावा लागतो.

किरकोळ दोष व त्यांची कारणे

अडकलेली हवा

गॅरेजच्या भाषेत याला 'एअर लॉक' म्हणतात. डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज, हीटरमधून आळीपाळीने गरम व थंड हवा येणे आणि तापमानातील चढउतार ही त्याची लक्षणे आहेत. तापमान संवेदक (सेन्सर) द्रवाऐवजी बुडबुड्यात आला की तो चुकीचे मापन देतो. उत्पादकाने सांगितलेल्या क्रमाने हवा काढणे, अथवा निर्वात यंत्राने द्रव पुन्हा भरणे हा त्यावरील उपाय आहे.

जोडणीतील पाझर

रबरी नळी (होज पाइप), तिच्यावरील क्लिप किंवा प्लॅस्टिकच्या जोडणीतील रबरी कडे नीट बसले नसल्यास द्रव थेंबाथेंबाने पाझरतो. गरम पृष्ठभागावर त्यातील पाणी उडून जाते व पांढरट, हिरवट किंवा गुलाबी थर मागे उरतो. त्यामुळे जमिनीवर एकही थेंब न पडता पातळी घटू शकते. काही पाझर फक्त इंजिन थंड असताना होतात, कारण तेव्हा रबर व धातू आकुंचन पावलेले असतात.

पाण्याच्या पंपाला एक लहान छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील बसेपर्यंत त्यातून किंचित ओल दिसणे चालू शकते, मात्र सतत ठिबकणे हा दोष होय.

थर्मोस्टॅटचा दोष

थर्मोस्टॅट उघडा अडकल्यास इंजिन तापायला फार वेळ लागतो आणि महामार्गावर, विशेषतः हिवाळ्यात पहाटे, काटा खाली येतो. यामुळे गाडी रस्त्यात बंद पडत नाही, म्हणून मालक दुर्लक्ष करतात. परंतु इंधन जास्त जळते, तेलात पाणी व इंधनाचे अंश राहतात आणि झीज वाढते. इंजिन नियंत्रकात अशा वेळी सहसा 'पी०१२८' हा संकेत नोंदवला जातो. थर्मोस्टॅट बंद अडकल्यास उलट परिणाम होतो व इंजिन काही मिनिटांत अतितप्त होते. तेव्हा हा दोष किरकोळ राहत नाही.

पंखा व त्याचे विद्युत मंडल

सिग्नलवर किंवा वाहतूककोंडीत तापमान वाढते आणि गाडी वेगात आली की उतरते, असे घडल्यास पंखा, त्याचा फ्यूज, रिले किंवा तारा यांची तपासणी केली जाते. पंख्याच्या मंडलातील दोषासाठी 'पी०४८०' हा संकेत प्रचलित आहे. याउलट संथ गतीत सर्व ठीक असून महामार्गावर तापमान वाढत असेल, तर द्रवाचे अभिसरण, रेडिएटरमधील अडथळा किंवा हवेचा मार्ग यांच्याकडे लक्ष वळते. उभ्या गाडीचे तापणे व धावत्या गाडीचे तापणे हा फरक निदानातील सर्वांत उपयुक्त दुवा मानला जातो.

संवेदकाचा दोष

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी शीतकाचे व बाहेरील हवेचे तापमान जवळजवळ सारखे असायला हवे. हवा २८ अंशांची असताना संवेदक ५० अंश दाखवत असेल, तर प्रथम संवेदक व त्याची जोडणी तपासली जाते. प्रसरण टाकीतील पातळी दर्शकही कधी कधी उतारावर किंवा जोरदार वळणावर खोटा इशारा देतो.

हवेच्या मार्गातील बदल

स्पोर्ट्स कारची जमिनीपासूनची उंची कमी असते. गतिरोधकावर तळाचे आवरण घासून सैल झाले किंवा दुरुस्तीनंतर ते परत बसवले गेले नाही, तर हवा रेडिएटरमधून न जाता त्याच्या बाजूने निसटते. प्रणालीचे सर्व भाग निर्दोष असूनही अशी गाडी तापते. गतिरोधकांनी भरलेल्या रस्त्यांवर ही तपासणी प्रथम करणे श्रेयस्कर असते.

निदानाचा क्रम

सोप्या व निरुपद्रवी तपासण्या आधी आणि सुटे भाग उघडण्याची कामे शेवटी, असा क्रम पाळला जातो.

१. नोंद ठेवणे. गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवून सकाळी पातळी पाहिली जाते. टाकीवर बारीक पट्टी चिकटवून खूण केली जाते व तिचे छायाचित्र, तारीख आणि किलोमीटरचा आकडा नोंदवला जातो. दोन आठवड्यांच्या अशा नोंदीतून घट थांबली आहे की चालू आहे हे कळते.

२. दृष्टी व गंध. बॅटरीच्या प्रकाशात जोडण्या, रेडिएटरच्या कडा, पंपाचा तळ व आतील पायपोस तपासले जातात. पायपोस ओलसर व चिकट असेल आणि काचेवर तेलकट धुके जमत असेल, तर हीटरच्या आतील गळती संभवते.

३. नियंत्रकातील माहिती. निदान यंत्र जोडून नोंदवलेले संकेत, शीतकाचे प्रत्यक्ष तापमान व पंख्याला मिळणारी आज्ञा पाहिली जाते. डॅशबोर्डवरील काट्यापेक्षा हे आकडे अधिक विश्वसनीय असतात.

४. पंख्याची चाचणी. वातानुकूलन सुरू केल्यावर पंखा फिरतो की नाही हे पाहिले जाते.

५. दाब चाचणी. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर छापलेल्या मूल्याइतका दाब दिला जातो. दहा-पंधरा मिनिटांत दाब घटला तर गळती आहे असे समजते. झाकणाची चाचणी स्वतंत्रपणे केली जाते.

६. रंगद्रव्य चाचणी. दाब चाचणीत न सापडणाऱ्या सूक्ष्म गळतीसाठी शीतकात चकाकणारे द्रव्य मिसळून काही दिवसांनी अतिनील प्रकाशात तपासणी होते.

७. तापमानाचे प्रत्यक्ष मापन. अवरक्त तापमापकाने रेडिएटरच्या आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या नळ्यांचे तापमान मोजले जाते. चकचकीत ॲल्युमिनिअमवर हा तापमापक प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो, म्हणून मापन काळ्या रबरावर किंवा काळी पट्टी चिकटवून करतात.

८. ज्वलनवायूची चाचणी. वरील चाचण्यांत काहीही न सापडता पातळी घटत राहिली, तर टाकीतील हवा निळ्या रासायनिक द्रवातून ओढली जाते. पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत द्रव पिवळा झाल्यास ज्वलनवायू शीतकात मिसळत असल्याचे, म्हणजेच हेड गॅस्केट किंवा सिलिंडर हेडमध्ये दोष असल्याचे सूचित होते.

किरकोळ व गंभीर यांतील सीमारेषा

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरची नळी कडक होणे, टाकीत सतत बुडबुडे येणे, तेल दुधट होणे किंवा इंजिन पूर्ण तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे ही लक्षणे किरकोळ समजली जात नाहीत. अशा वेळी गाडी चालवणे थांबवून ती उचलून नेणे योग्य ठरते.

यामागील कारण धातूंच्या गुणधर्मात आहे. ॲल्युमिनिअम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. अतितप्त झालेले ॲल्युमिनिअमचे सिलिंडर हेड बोल्टांनी जखडलेले असल्याने त्याला मोकळेपणी पसरता येत नाही व ते वाकते. हेड वाकले की गॅस्केटची पकड सुटते. त्याचबरोबर हेडमध्ये फिरणाऱ्या कॅमशाफ्टच्या धारव्यांची एकरेषा बिघडते, कॅमशाफ्ट घासू लागतो आणि प्रसंगी जखडतो. काही थेंबांच्या पाझरापासून सुरू झालेली घटनामालिका अशा रीतीने इंजिनाच्या पुनर्बांधणीपर्यंत जाऊ शकते.

स्थानिक संदर्भ: अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ही वसाहत सोलापूर शहरातून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. टॉवेल व चादरी विणणारे यंत्रमाग ही तिची मुख्य ओळख असली, तरी मोटार उद्योगाशीही तिचा संबंध आहे. १९९२ साली स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स लिमिटेड या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय येथे आहे. ही कंपनी देशी व परदेशी मोटार उत्पादकांसाठी कॅमशाफ्ट बनवते. अतितप्त इंजिनात ज्या भागाला सर्वाधिक धोका पोहोचतो, त्यांपैकी एक भाग याच परिसरातून जगभरात जातो.

शीतन प्रणालीच्या दृष्टीने या परिसराची परिस्थिती कठोर आहे. सोलापूरमध्ये एप्रिल व मे महिन्यांत दिवसाचे कमाल तापमान अनेकदा ४० अंशांच्या वर जाते. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे द्रव व हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. द्रव ९५ अंशांचा आणि हवा २५ अंशांची असता हा फरक ७० अंश असतो. हवा ४३ अंशांची झाली की तो ५२ अंशांवर येतो. म्हणजेच त्याच रेडिएटरची क्षमता सुमारे एक चतुर्थांशाने घटते. डांबरी रस्त्यालगतची हवा याहूनही गरम असते आणि स्पोर्ट्स कार तीच हवा आत घेते. त्यामुळे डिसेंबरमध्ये न जाणवलेला लहान दोष मे महिन्यात उघड होतो.

यंत्रमागांच्या परिसरात हवेत कापसाचे तंतू असतात. ते धुळीसह रेडिएटरच्या पातळ पात्यांत अडकून नमद्यासारखा थर तयार करू शकतात. वातानुकूलनाचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असल्याने हा थर दोहोंच्या मधल्या फटीत साचतो व समोरून दिसत नाही. तो काढताना पाण्याचा मंद झोत शक्य तेथे मागून पुढे सोडतात. जास्त दाबाच्या झोताने पाती वाकतात.

बेसॉल्ट खडकाच्या या प्रदेशात विंधन विहिरींचे पाणी बहुधा कठीण असते. पातळी भरून काढण्यासाठी ते वापरल्यास त्यातील क्षार तप्त भागांवर बसतात व उष्णतेचे वहन मंदावते. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचे शीतक व ऊर्ध्वपातित पाणीच वापरतात. बाजारात हे पाणी बॅटरीसाठी म्हणून सहज मिळते. शीतकाचा रंग हा त्याच्या रासायनिक प्रकाराचा खात्रीचा पुरावा नसतो. समान रंगाची दोन शीतके परस्परांना प्रतिकूल असू शकतात.

प्रचलित घरगुती उपाय

जुन्या मालमोटारींच्या रेडिएटरमधील बारीक गळती थांबवण्यासाठी त्यात हळद टाकण्याची पद्धत भारतातील वाहनचालकांमध्ये परिचित आहे. भुकटीचे कण छिद्रात अडकून ते तात्पुरते बंद होते. जुन्या रेडिएटरच्या रुंद नळ्यांत हे निभावून जात असे. आधुनिक स्पोर्ट्स कारमध्ये टर्बोचार्जर व हीटरकडे जाणारे मार्ग अरुंद असल्याने अशी भुकटी, तसेच बाजारात मिळणारी गळतीरोधक द्रव्ये, निरोगी मार्गही बंद करू शकतात. शिवाय त्यामुळे मूळ दोष झाकला जातो.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उन्हाळी भागात सुचवला जाणारा दुसरा उपाय आहे. त्याने इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही आणि काही इंजिनांत द्रवाचा प्रवाह चुकीच्या मार्गाने जाऊन उलट अतितापन होते.

सुरक्षितता

गरम प्रणालीचे झाकण उघडणे हा या कामातील सर्वांत मोठा धोका आहे. दाबाखाली ११५ अंशांवर द्रवरूपात असलेले शीतक दाब सुटताच उकळून वाफेसह उसळते आणि चेहरा, मान व हात गंभीररीत्या भाजतात. झाकणावर फडके धरून उघडणे हा सुरक्षित पर्याय नाही. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबणे हाच खरा उपाय होय.

इंजिन बंद असतानाही विद्युत पंखा अचानक फिरू शकतो. म्हणून बोनेटखाली हात घालताना बोटे, ओढणी, सैल बाह्या पंख्यापासून दूर ठेवाव्या लागतात.

इथिलिन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोडसर असते. लहान मुले, कुत्री व गुरे ते चाटण्याचा धोका असतो. सांडलेले शीतक पुसून घेतले जाते. जुने शीतक गटारात किंवा उघड्या जमिनीवर न ओतता बंद डब्यात साठवून विल्हेवाटीसाठी सेवाकेंद्राकडे दिले जाते.

प्रवासात तापमानाचा तांबडा इशारा दिसल्यास वातानुकूलन बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवली जाते व इंजिन बंद केले जाते. थांबण्याजोगी जागा मिळेपर्यंत हीटर पूर्ण वेगाने चालू ठेवल्यास थोडी उष्णता बाहेर पडते. तापलेल्या इंजिनावर किंवा टाकीत थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो.

हमी व नोंदी

नव्या गाडीतील शीतन प्रणालीचे दोष सामान्यतः उत्पादकाच्या हमीत येतात. मात्र मालकाने स्वतः जोडण्या उघडल्या, चुकीचे शीतक भरले किंवा गळतीरोधक द्रव्य टाकले असल्यास हमीबाबत वाद उद्भवू शकतो. हमीच्या काळात मालकाने निरीक्षण व नोंद करावी आणि भाग उघडण्याचे काम अधिकृत सेवाकेंद्राकडे सोपवावे, असा सर्वसाधारण संकेत आहे.

'गाडी कधीकधी तापते' या तक्रारीवरून कार्यशाळेत दोष सापडणे कठीण असते, कारण तपासणीच्या वेळी गाडी तापेलच असे नाही. तारीख, बाहेरील तापमान, गाडी उभी होती की धावत होती, वातानुकूलन चालू होते की बंद, थंड इंजिनावरील पातळी व छायाचित्रे अशा नोंदी दिल्यास तंत्रज्ञाला तीच परिस्थिती पुन्हा निर्माण करता येते. तक्रार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगापुढे गेल्यास, याच नोंदी व सेवाकेंद्राने दिलेली लेखी कामाची पत्रके पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

हे सुद्धा पहा

* अंतर्ज्वलन इंजिन
* रेडिएटर
* टर्बोचार्जर
* कॅमशाफ्ट
* महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ
* सोलापूर